चिमट्यातले दोन बुश

बेळगावहून मोटरसायकलची फ्रेम परत आली ती गेली होती तशीच, गंजासकट. रंगाच्या भट्टीवाल्याने तिच्यावर खडूने दोनच शब्द लिहिले होते: 'रबर काढा'. मी फोन केला. तो म्हणाला, "आम्ही भट्टीत रंग भाजतो. आत रबर ऱ्हायलं की ते उकळतंय, रंगाला फोड येतात, भट्टी घाण होती. चार बुश हाईत. ते काढा, मग पाठवा."

मला लाज वाटली. दांडेलीच्या कारखान्यात मी सगळी नोकरी फिटर म्हणून काढली. बुश म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. एक लोखंडी नळी, तिच्या आत दुसरी बारीक नळी, आणि दोन्हींच्या मधे घट्ट बसवलेलं रबर. रस्त्याचा झटका ते रबर खातं. नवं असताना मऊ असतं, जुनं झालं की शिंगासारखं कडक होतं आणि लोखंडाला असं धरून बसतं की रबर कुठे संपलं आणि लोखंड कुठे सुरू झालं ते कळत नाही. हे सगळं ठाऊक असून मी ते तसेच सोडले होते. त्याला कारण मामा.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. गुंद गावात त्यांचं घर आमच्या घराला लागूनच आहे, मधे सुपारीच्या चार ओळी. सुप्याचं धरण बांधत होते त्या काळात मामा जंगलात कुपावर मुकादम होते. लाकूड तोडायला नेमून दिलेल्या जागेला आमच्याकडे कूप म्हणतात. एका कुपावरून दुसऱ्यावर जायला त्यांनी ही दोन-स्ट्रोक मोटरसायकल घेतली. त्या वेळी आमच्या भागात दुसरी मोटरसायकल नव्हती. पुढे एका वर्षी त्यांनी ती गोठ्यात लावली आणि परत बाहेर काढली नाही. मी तिला कायम एकाच सीटची बघितलेली. मागची सीट काढून टाकलेली, मागच्याने पाय ठेवायच्या दोन्ही दांड्या करवतीने कापलेल्या. लहानपणी आम्हाला वाटायचं, गाडी तशीच येते.

नोकरी संपवून मी गावी आलो तेव्हा गाडी मागितली. मामा म्हणाले, "ने. पण चिमटा हाय तसा ठेव."

चिमटा म्हणजे मागचं चाक ज्यात धरलेलं असतं तो दोन फाट्यांचा लोखंडी भाग. त्याच्या आडव्या नळीच्या दोन्ही टोकांना दोन बुश असतात, त्यांवर तो वरखाली हलतो. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी, असं म्हणून मी हो म्हटलं. आता भट्टीवाला काढा म्हणत होता. मी मामांना न सांगता काढायचे ठरवले.

पुढचे दोन बुश, इंजिनला धरणारे, एका सकाळीत निघाले. रबरात ड्रिलने गोल भोकं पाडली, आतली नळी पान्ह्याने पिळून ओढली, उरलेलं रबर सुरीने कापलं. बाहेरची नळी राहिली तिच्यात करवतीचं पातं ओवून दोन चिरा दिल्या आणि छिन्नीने ती आत दुमडली. शेवटचं चिकटलेलं रबर गॅसच्या बर्नरने जाळावं लागलं. त्याचा धूर काळा, जड. वर जाईना. सुपारीच्या ओळींतून जमिनीलगत सरकत तो मामांच्या घराकडे गेला, आणि मी बघतोय तोवर त्यांची खिडकी आतून बंद झाली.

आमच्याकडे जळक्या रबराचा वास नवा नाही. डुकरं भातात येऊ नयेत म्हणून लोक बांधावर जुन्या टायरचे तुकडे जाळतात. त्या वासाने कुणी खिडकी लावून घेत नाही.

दुपारी चिमटा व्हाइसच्या जबड्यात धरला. आधी तेल सोडून ठेवलं होतं. जाड बोल्ट नळीतून आरपार घालून, वॉशर लावून, नट आवळत गेलो की बुश हळूहळू बाहेर सरकतो. हा सरकेना. बोल्टचे आटे गेले. दुसरा बोल्ट घातला, तोही पिळला. मग हातोडी घेतली. एक घाव घातला की मामांच्या घरातून काहीतरी पडल्यासारखा आवाज येई. पाच-सहा घावांनंतर माझ्या लक्षात आलं, काही पडत नव्हतं. घाव बसला की मामा आतून काठी जमिनीवर आपटत होते. मी थांबलो की तेही थांबत. माडांवर बसलेले धनेश उडून गेले होते आणि त्या दोन आवाजांखेरीज आवारात दुसरा आवाज नव्हता.

मी हातोडी ठेवली आणि तारेच्या ब्रशने नळीचं टोक घासलं. जुना रंग निघाला, त्याखाली पितळ दिसलं. कुणीतरी नळीला बाहेरून भोकं पाडून त्यात खिळे ठोकले होते, बुशाच्या आरपार, आणि वरून पितळ वितळवून घासून एकसारखं केलं होतं. एका टोकाला तीन, दुसऱ्या टोकाला तीन. शिवाय नळीच्या तोंडाशी कडेने पंचाचे, टोकदार पोलादी दांडीचे, ठोके मारलेले, एकाला एक लागून, पूर्ण गोल, बुश कधी बाहेर सरकू नये म्हणून. एका टोकाचे मोजले, चाळीसच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. कारखान्यात मी पुष्कळ कामं बघितली, चांगली आणि वाईट. हे त्यांतलं कुठलंच नव्हतं. तीन पंचात जे काम होतं त्याला कुणी चाळीस मारत नाही. ज्याने हे केलं तो भ्यालेला होता.

"काढतोसच म्हण की," मागून आवाज आला.

मामा काठी टेकत सुपारीतून आले होते. गाडी माझ्याकडे आल्यापासून ते पहिल्यांदाच माझ्या शेडमध्ये येत होते.

"काढल्याबिगर रंग होत न्हाई, मामा."

"मला सांगायचं हुतंस."

"चुकलं."

ते लाकडाच्या ओंडक्यावर बसले. चिमट्याकडे बघत म्हणाले, "मीच ठोकलंय ते. कुपावरनं आलो की रोज थोडं थोडं. पंधरा दिस ठोकत हुतो."

"कशाला पण?"

मग त्यांनी सांगितलं. मामा आता ऐंशीच्या पुढचे आहेत, विसरतात, कालचं जेवण आठवत नाही. हे मात्र त्यांनी न अडखळता सांगितलं.

"श्रावणातली गोष्ट. गणेशगुडीहून कुंभारवाड्याकडं निघालो हुतो. पाऊस म्हंजे काय, हात म्होरं केला तर दिसत नव्हता. वळणावर एक बाई उभी. खांद्यावर गाठ मारलेलं लुगडं, हातात गाठोडं. हात केलान. मी थांबलो. कुठं जायचं म्हटलं तर 'पुढं' म्हणाली. एवढंच. गाठोडं मी टाकीवर घेतलं, माझ्या म्होरं. ती मागं बसली. तिचं वजन कळलं मला, गाडी मागं दबली."

"ओळखीची?"

"न्हाई. तोंड नीट बघितलं न्हाई. आन् ऐक. हे बुश तवा गेलेलं हुतं. मागचं चाक शेपटीगत हलायचं. बदलू, बदलू म्हणत लई म्हैनं काढलं हुतं मी." ते थांबले. "नाल्यापाशी चाक खड्ड्यात गेलं. गाडी मागनं अशी झटकली. मी सावरली. नाला भरून व्हात हुता बाजूनं. मागं बघितलं न्हाई. पुढं चढ हाय न्हवं, तो चढून वर आलो आन् इचारलं, बाई, कुठं सोडू? उत्तर न्हाई. बघतो तर मागं कुणी न्हाई."

माझ्या हातात तारेचा ब्रश तसाच होता.

"परत गेलो. नाल्याच्या काठानं हिंडलो. नाव ठावं न्हाई, तर हाक काय मारणार? 'बाई, वो बाई' म्हणून वरडत हुतो. दुसऱ्या दिशी गेलो, तिसऱ्या दिशी गेलो. गाठोडं पहिल्याच दिशी तिथं ऐनाच्या झाडाखाली ठेवलं हुतं, आलीच तर तिला सापडावं म्हणून. तिसऱ्या दिशी गेलो तर गाठोडं न्हाई."

"म्हणजे ती आली असेल की."

"ती आली असंल. न्हाईतर दुसरं कोण आलं असंल. कुणाची बाई हरवली म्हणून कुणी बोललं न्हाई. त्या वक्ताला धरणासाठी गावंच्या गावं उठून जात हुती बाबा. कोण कुठलं, कुठं गेलं, कुणाला ठावं?"

"पोलिसांत सांगितलंत?"

"न्हाई." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग काठीने चिमट्याकडे खूण केली. "काढ आता. मी हाय हितंच."

ते बसून राहिले आणि मी काढले. सहाही खिळे ड्रिलने पोखरले. पंचाच्या खुणा कानशीने घासल्या. रबर जाळलं, धूर मामांच्या अंगावर गेला, ते हलले नाहीत. नळीत पातं ओवून चिरा दिल्या. छिन्नीच्या तिसऱ्या-चौथ्या घावाला पहिला बुश आत दुमडला आणि तो ओढून काढल्याबरोबर त्या आडव्या नळीतून पाणी आलं. वाटीभर असेल. लालसर, थंड. माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्याच नळीतून आधी बोल्ट आरपार घातला तेव्हा एक थेंब नव्हता, आणि गाडी इतकी वर्षं कोरड्या गोठ्यात. नळीत दमट हवा अडकते, थंडीत तिचं पाणी होतं, असं मी माझ्या मनाला सांगितलं. फिटर म्हणून मला ते पटतंही. पण एवढं पाणी होत नाही.

मामांनी ते बघितलं. उठले आणि घरी गेले.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती आशा कार्यकर्ती आहे. आजूबाजूच्या वाड्यांवरचं एक घर तिने सोडलेलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामांनी कुणाला विचारलंच न्हाई, तर सांगणार कोण? मी विचारून बघते. त्या काळच्या बायका हाईत अजून."

तीन आठवड्यांनी तिला कुंभारवाड्याच्या पलीकडच्या एका वाडीवर त्या गाडीवर बसलेली एक म्हातारी सापडली. आम्ही दोघं गेलो. म्हातारी अंगणात कंद निवडत बसली होती, हात चिखलाने भरलेले, डोळ्यांना कमी दिसणारं. बायकोने विचारलं, "अव्वा, त्या मुकादमाच्या मोटरसायकलवर तुम्ही बसला होतासा म्हणे?"

म्हातारी खूप हसली. "बसले हुते की! एकदाच. परत न्हाई. गाडी मागनं हलत हुती, मी म्हटलं आज मेले. मग चढ आला. चढाला गाडी रडाय लागली, चालणाऱ्या माणसासारखी हळू झाली. मी उतरले गपकन. हाक मारली मुकादमाला. त्याला कुठलं ऐकाय येतंय? गेला तसाच पुढं. मी जंगलवाटेनं घरला आले."

मला इतकं हलकं वाटलं की मी अंगणातच खाली बसलो. चढावर उतरली! एवढंच होतं. एवढ्यासाठी माणसाने आयुष्यभर मागची सीट काढून ठेवली.

बायको मात्र थांबली नाही. "आणि गाठोडं, अव्वा? ते गाडीवरच राहिलं ना?"

"कसलं गाठोडं? माझ्याजवळ कोयता हुता कंबरंला."

"पावसात भिजला असालसा."

"पाऊस कुठला गे? शिमगा तोंडावर आलेला. पाय भाजत हुते." तिने एक कंद उचलून नखाने माती काढली. "का? आणि कोण बसलं हुतं काय?"

संध्याकाळच्या बसने परत आलो. गुंदला उतरल्यावर बायको म्हणाली, "त्यांना एवढंच सांगा की ती सापडली. दुसरं काय सांगू नका."

मी तसंच केलं. मामा ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "मामा, ती बाई सापडली. जिवंत हाय. चढावर आपली आपण उतरली ती, गाडी हळू झाल्यावर. हाक मारली म्हणे तुम्हाला."

त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं. ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं, काम झालं. मग ते म्हणाले, "गाठोड्यात काय हुतं म्हणाली?"

मी विचार केला नाही. "तांदूळ," मी म्हणालो. "माहेराहून आणलेला."

मामा माझ्याकडे बघत राहिले. ओट्यासमोरून एक कोंबडी तिच्या पिलांना घेऊन पूर्ण पलीकडे गेली, एवढा वेळ.

"मी सोडून बघितलं हुतं ते," ते म्हणाले. "झाडाखाली ठेवायच्या आधी. तुला सांगितलं न्हाई. दुसऱ्याचं गाठोडं, सोडू नये. त्यात धोंडं हुतं. पाच. गुळगुळीत, नदीतलं. प्रत्येक येगळ्या फडक्यात बांधलेला, ल्हान पोराला बांधतात तसा."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

हे बायकोला सांगितलं तेव्हा ती चुलीजवळून उठून आली. म्हणाली, "देव असतील." मला कळलं नाही. तिने समजावलं. धरणाच्या पाण्याखाली जी गावं गेली तिथल्या लोकांनी जाताना आपले देव बरोबर नेले. कुणाचे देव म्हणजे मूर्ती नव्हत्या, परड्यातले धोंडेच होते, पिढ्यानपिढ्या शेंदूर लावलेले. ते तिथेच बुडवून कोण जाईल? तिच्या माहेरच्या एका घरात असे आणलेले धोंडे तिने बघितले होते. "ती बाई कुठं जायचं ते सांगू शकली न्हाई," बायको म्हणाली, "कारण कुठं जायचं ते अजून ठरलंच नसंल. म्हणून 'पुढं' म्हणाली."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. ती खरीच बाई होती, खऱ्या गावातून निघालेली. पण तेवढ्यानेच मला जास्त भीती वाटली. भूत असती तर मामा सुटले असते.

मामांशी खोटं बोललो ते कबूल करायला दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. त्या वाडीवरच्या म्हातारीचं ऊन आणि कोयता सगळं खरं खरं सांगितलं. त्यांनी ऐकलं. रागावले नाहीत. म्हणाले, "म्हंजे आणिकपण एक उतरली हुती. आन् मला ती आठवतबी न्हाई." ही गोष्ट त्यांना फार लागली, पहिल्यापेक्षा जास्त, असं मला वाटलं.

फ्रेम आणि चिमटा भट्टीतून काळेभोर होऊन आले. एक फोड नाही. नवे बुश मी बेळगावहून मागवले. साबणाचं पाणी लावून, लांब बोल्ट घालून आवळले तर लोण्यात बोट जावं तसे बसले. मामा बघायला आले. त्यांनी चिमट्याचं टोक हातात धरून डावीकडे-उजवीकडे जोराने हलवून बघितलं, दोनदा, तीनदा. हललं नाही. "मागची सीट बसव," ते म्हणाले. मी बसवली, पाय ठेवायच्या दांड्याही वेल्ड करून घेतल्या. ज्या दिवशी गाडी चालू केली त्या दिवशी ते ओट्यावर उभे राहिले होते. आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटले, बाकी काही केलं नाही.

त्यानंतर मामांनी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. ज्याला त्याला. बससाठी थांबलेल्यांना, दूध न्यायला आलेल्या पोरींना, गणवेशातल्या फॉरेस्ट गार्डला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. आणि गोष्टीला पाय फुटले. दोन महिन्यांत माझ्या कानावर आलं की एका जीपवाल्याच्या मागच्या सीटवर पावसात एक बाई बसली होती. कुंभारवाड्याच्या एकाच्या स्कूटरवरही बसली होती म्हणे, तिच्या गाठोड्यात दगड होते. दोघंही मामांचं नाव न घेता सांगत होते. ते खोटं सांगत होते असं मला म्हणता येत नाही. ते सांगताना दोघंही सारखं मागं वळून बघत होते.

मामा मागच्या पावसाळ्यात गेले, झोपेत. शेवटच्या आठवड्यात त्यांना आम्ही कुणी ओळखू येत नव्हतो.

त्यानंतरची गोष्ट. मी मामांच्या मोटरसायकलवरून गणेशगुडीहून एकटाच येत होतो, दुपारचे तीन वाजले असतील, लख्ख ऊन. रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती, हातात पिशवी. तिने हात केला. आमच्याकडे दिवसाला बस किती, ती चुकली की माणूस हातच करणार. मी गाडी हळू केली. तिच्या अगदी जवळ आलो, तिची चप्पल तुटलेली दिसली, आणि मी गाडी जोरात सोडली. आरशात बघितलं नाही. घरी येईपर्यंत मान दुखायला लागली होती, इतकी ती मी ताठ धरली होती.

दुसऱ्या दिवशी बायको कामावरून आली ती माझ्यासमोर येऊन उभीच राहिली. ती बाई तिच्याच यादीतली निघाली, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारी. अनवाणी चालत, दिवेलागणीला घरी पोचली होती. "तुमचे मालक थांबले न्हाईत, म्हणाली. मी काय बोलू तिला?"

मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. अंगणात उभा राहून म्हणालो, "काल तुम्ही मला दिसला नाहीसा, वहिनी."

"दिसले की," ती म्हणाली. "हळू केलासा तुम्ही गाडी."

मग तिने खुर्ची आणली, पुसली आणि चहा टाकायला आत गेली.